रीड काढणारा हात

विश्वास गेल्याचा फोन आला तेव्हा मी फुजैराच्या ऑफिसात एका जहाजाच्या इंधनाचे कागद तपासत बसले होते. रमजान चालू होता, ऑफिस लवकर सुटायचं होतं. शुभदाचं, त्याच्या बायकोचं, नाव स्क्रीनवर दिसलं तेव्हा मला वाटलं, त्याला हॉस्पिटलमधून घरी आणलं असेल. न्यूमोनिया झाला होता, पण लवकरच सोडतील असं तीच रोज सांगत होती. ती रडत नव्हती. "मंजू, संपलं सगळं," एवढंच म्हणाली. मी निघाले. डोंगरातून शारजाला जाणारा तो रस्ता मी कित्येक वर्षं दर शनिवारी कापला होता, प्रॅक्टिसला, त्याचं ऐकून घ्यायला... त्या दिवशी मात्र पोचायची घाई नव्हती. वाटेत एका बोगद्याच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेतली आणि रडू येतंय का ते पाहिलं. आलं नाही. राग आला.

संध्याकाळपर्यंत शारजाच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर संदेशांचा पूर लोटला. हसतमुख, दिलदार, सर्वांना सांभाळून घेणारा... मी वाचत होते आणि मला कळेना, हे नक्की कोणाबद्दल चाललंय. विश्वास घोरपडेने उभ्या जन्मात कोणाला सांभाळून घेतलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, मला तर नाहीच. स्वतःलाही नाही, एवढंच काय ते त्याच्या बाजूने म्हणता येईल. तो माझ्या मैत्रिणीचा नवरा होता, माझा गुरू होता आणि मला भेटलेल्या माणसांतला सगळ्यात निर्दय माणूस होता. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल गोड लिहायची आपल्याकडे रीत आहे. विश्वासने ही रीत जिवंत माणसांच्या बाबतीत कधी पाळली नाही, तेव्हा त्याच्या बाबतीत ती मी पाळली नाही तर त्याची काही तक्रार नसावी.

शुभदा आणि मी पुण्यात एका वर्गात होतो. ती लग्न होऊन शारजाला आली, काही वर्षांनी माझ्या नवऱ्याला फुजैराच्या बंदरात नोकरी लागली म्हणून मीही आले. अल मजाजला तलावाच्या काठी त्यांचा फ्लॅट आहे. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा लिफ्टचं दार उघडताच तो आवाज आला. मी घाबरून परत लिफ्टमध्ये शिरले. कोणाला तरी कापताहेत असं वाटलं, हे मी पुढे त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "तो दिवस वाईटच होता. रीड ओलं होतं." चेष्टा कळायची नाही त्याला. सैनिक शाळेच्या बँडमध्ये बॅगपाईप शिकला होता. पुढे फौजेतच जायचं, असं ठरवूनच मोठा झाला आणि डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला. मग इंजिनिअर झाला, आखातात आला, मोठमोठ्या इमारती गार ठेवणारी यंत्रं बसवत राहिला. पण पाईप्स सोडले नाहीत. इथे स्कॉटिश शिक्षकांनी आणि तेल कंपन्यांतल्या गोऱ्यांनी चालवलेला एक बँड होता, त्यात हा शिरला आणि थोड्याच वर्षांत त्याचा पाईप मेजर, म्हणजे प्रमुख झाला. गोरे एकेक करून मायदेशी गेले, त्यांच्या जागी मल्याळी आले, सियालकोटचे पाकिस्तानी आले, एक फिलिपिनो बाई आली. विश्वास होता तिथेच राहिला.

ज्यांनी हे वाद्य नुसतं परेडमध्ये पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. काखेत हवेची पिशवी असते. खांद्यावर तीन लांब नळ्या असतात, त्या एकच सूर धरून बसतात. आणि खाली दोन्ही हातांच्या बोटांत धरायची ती भोकांची नळी म्हणजे चँटर. गाणं वाजतं ते चँटरवर. चँटरच्या वरच्या तोंडाशी बोरूच्या दोन पातळ पात्या बांधून बसवलेल्या असतात, त्याला रीड म्हणतात. करंगळीच्या पेराएवढी वस्तू. ती काढली की गाणं मुकं.

मी चाळिशीत होते, फुजैरात कंटाळले होते. सहज म्हटलं, मलाही शिकव. विश्वासने माझी बोटं पाहिली आणि हो म्हणाला. मी दर शनिवारी जायला लागले. शुभदा आत पोहे करायची, आम्ही हॉलमध्ये. बोट चुकलं की तो ओरडायचा नाही. उठायचा, खिडकीपाशी जायचा आणि खालच्या तलावाकडे बघत उभा राहायचा, मी आपण होऊन थांबेपर्यंत. मग परत येऊन बसायचा आणि म्हणायचा, "पहिल्यापासून." कौतुकाचा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नाही. तरी मी जात राहिले, कारण कधीमधी एखादी ओळ नीट लागायची आणि अंगभर काहीतरी फिरायचं, जे मला तोवर कशानेच झालं नव्हतं. हे सुख त्याने मला दिलं, हेही लिहायला हवं.

आणि काढूनही घेतलं. स्पर्धेत बँडला ठरावीक संख्येने पायपर, म्हणजे पाईप्स वाजवणारे, लागतातच, नाहीतर उतरता येत नाही. आमच्याकडे माणसं कायम जेमतेम. त्यामुळे एखाद्याचा सूर त्या दिवशी जुळत नसला तर त्याला घरी पाठवता येत नाही, आणि वाजवूही देता येत नाही. मग त्याचं रीड काढायचं, त्या जागी आणि खांद्यावरच्या नळ्यांनाही बूच मारायचं, आणि त्याने इतरांबरोबर चालत जायचं, रिंगणात उभं राहायचं, गाल फुगवायचे, बोटं हलवायची. बघणाऱ्याला काही कळत नाही. नियमांत हे बसत नसेलही, पण करतात बरेच जण. विश्वासने मात्र त्याचं कर्मकांड करून ठेवलं होतं. मैदानात उतरायच्या आधी तो प्रत्येकासमोर उभा राहून ऐकायचा आणि कोणाचं बिनसलेलं वाटलं की त्याच्यापुढे तळहात पसरायचा. "रीड." बस्स, एवढाच शब्द. ते आपणच काढून त्याच्या हातावर ठेवायचं. आणि परत लावायचं ते फक्त पाईप मेजरने, प्रॅक्टिसमध्ये, सगळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने. तोपर्यंत घरीसुद्धा दुसरं रीड लावून वाजवायचं नाही. एका मल्याळी मुलाने घरी गुपचूप वाजवलं, तर याने त्याला बँडमधून काढून टाकलं. ज्याला गप्प राहता येत नाही त्याला वाजवताही येत नाही, असं काहीतरी तो म्हणाला होता.

माझी पहिली स्पर्धा होती. माझा नवरा फुजैराहून सुट्टी घेऊन आला होता, कॅमेरा घेऊन. विश्वास माझ्यासमोर आला, ऐकलं, आणि हात पसरला. मी रीड काढून दिलं. त्या रिंगणात मी गाल फुगवून उभी होते आणि समोर माझा नवरा कौतुकाने फोटो काढत होता... ते फोटो अजून आहेत. त्यात मी फार छान वाजवताना दिसते. त्यानंतर दर शनिवारी मी वाट बघत राहिले, आज लावेल, आज लावेल. तो माझ्यासमोरून पुढे निघून जायचा. कित्येक महिन्यांनी मी विचारलं, तेव्हा त्याने अगदी शांतपणे, जणू हवामान सांगावं तसं सांगितलं.

"तू वाईट वाजवत नाहीस, मंजू. पण तू आहेस हे कळतं. बँडमध्ये कोणी आहे हे कळता कामा नये."

आणि माझ्या हातात ड्रमच्या काठ्या दिल्या. मी घरी जाऊन पाईप्स विकून टाकले आणि ड्रमवर आले. बँड सोडून गेलेही असते, पण शुभदा होती, आणि खरं सांगायचं तर त्या रिंगणाबाहेर मला फुजैरात करण्यासारखं काही नव्हतं. माझं रीड त्याने मला कधीच परत दिलं नाही. याचा राग माझ्या मनात होता आणि आहे.

सई, त्यांची मुलगी, माझ्या देखत मोठी झाली. इथल्या सगळ्या मुलांसारखी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देणारी. बापाने तिला चालता येण्याच्या सुमारासच चँटर हातात दिली असावी, कारण शाळेत असताना ती आमच्यातल्या निम्म्या लोकांपेक्षा बरी वाजवायची. पहिल्यांदा बँडमध्ये उतरली तेव्हा तिच्या वर्गातल्या मुली बघायला आल्या होत्या, हातात रंगवलेला फलक घेऊन. विश्वास तिच्यासमोर आला, ऐकलं, आणि तळहात पसरला. मी ड्रम गळ्यात घालून मागेच उभी होते. त्या पोरीने रीड काढून बापाच्या हातावर ठेवलं आणि मैत्रिणींसमोर मुकी चालत गेली. घरी आल्यावर शुभदाने मात्र तोंड सोडलं. इतक्या वर्षांत मी तिला त्याच्यावर ओरडताना पहिल्यांदा ऐकलं. लहान आहे ती, तिच्या मैत्रिणी होत्या, तू बाप आहेस का कोण आहेस. विश्वास जेवत होता, जेवत राहिला. एवढ्यात आतल्या खोलीतून सईचा आवाज आला.

"इट वॉज फ्लॅट, आई. आय हर्ड इट टू."

सूर उतरलेला होता हे तिलाही ऐकू आलं होतं. तेव्हा मला कळलं की ही त्याचीच आहे आणि शुभदाच्या हाती आता काही नाही. पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर विश्वासने तिचं रीड परत लावलं, फुंकून पाहिलं, मान हलवली. पोरगी असं हसली की तसं मी तिला नंतर तिच्या लग्नातही हसताना पाहिलं नाही. त्या एका मान हलवण्यासाठी ती पुढची सगळी वर्षं वाजवत राहिली. एकटीने वाजवायच्या स्पर्धेत ती नंबर काढायला लागली, कप घरी यायला लागले, आणि अबुधाबीहून शारजापर्यंत गाडीत विश्वास तिला तिच्या चुका सांगत यायचा. मी एकदा त्यांच्याबरोबर होते. ती पहिली आली होती. त्याने गाडी चालवताना, रस्त्यावरची नजर न हटवता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंतच्या चुका सांगितल्या, आणि तलाव दिसायला लागला तेव्हा म्हणाला, "बाकी ठीक." सई कप मांडीवर घेऊन मागे बसली होती. तिने वाद घातला नाही. तिला त्या चुका आधीच माहीत होत्या, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

दोनेक वर्षांपूर्वी एका प्रॅक्टिसला त्याने आधी कोणाला काही न सांगता जाहीर केलं की आजपासून पाईप मेजर सई. ती तेव्हा अबुधाबीला बँकेत लागली होती, लग्न झालं होतं, शनिवारी तेवढी यायची. आम्हाला वाटलं मुलीचं कौतुक. नंतर शुभदाने सांगितलं की त्याला दम लागायला लागलाय. फुप्फुसं कडक होत चालली होती. शारजाच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की फुंकायचं बंद. विश्वास त्यांना "इन्शाल्ला" म्हणाला, आणि इथे इतकी वर्षं काढलेल्या माणसाने असं इन्शाल्ला म्हटलं की त्याचा अर्थ 'ते काही होणार नाही' असा असतो, हे डॉक्टरांनाही कळलं असणार. तो बँडमध्ये ओळीच्या टोकाला जाऊन उभा राहायला लागला. यंदाच्या स्पर्धेत मात्र त्याने एकट्याने वाजवायच्या गटातही नाव दिलं. शुभदाने मला फोन केला, तूच समजाव म्हणाली. मी गेले. त्याचे ओठ निळसर दिसत होते आणि गालांची हाडं वर आली होती. मी समजावलं, रागावले, मग विचारलं की तुला हवंय तरी काय.

तो म्हणाला, "जन्मभर कोणाचा सूर वेगळा ऐकू येऊ नये म्हणून खपलो. मला एकदा ऐकू यायचंय, मंजू. माझा मी. बाजूला कोणी नसताना."

हे त्याने मला सांगावं! मला त्याचा इतका संताप आला की मी चहा न पिता निघाले. पण गाडीत बसल्यावर वाटलं, वाजवू दे याला. एकदा नीट वाजवू दे आणि मग काय व्हायचं ते होवो.

स्पर्धा दुबईत एका शाळेच्या मैदानावर होती, रमजान लागण्याच्या थोडं आधी, हवा छान होती. एकट्याची फेरी सकाळी असते. हिरवळीवर एक छोटं टेबल, मागे स्कॉटलंडहून आलेला म्हातारा परीक्षक, आणि समोर एकटा माणूस. विश्वास इस्त्रीचा किल्ट, म्हणजे तो चौकटींचा स्कॉटिश घागरा, घालून, मोजे वर ओढून, ताठ चालत आला. सुरुवातीचा मार्च, म्हणजे कवायतीची धून, त्याने असा वाजवला की आजूबाजूला जुळवाजुळव करणारे लोक थांबले. शुभदाने माझा हात धरला होता. मला वाटलं, जमलं याला, हरामखोराला जमलं. आणि मग दुसऱ्या तुकड्यात कुठेतरी त्याचा श्वास तुटला. पिशवीतली हवा गेली, खांद्यावरच्या नळ्या एकेक करून रडल्यासारख्या खाली घसरत बंद पडल्या. त्याने पुन्हा फुंकायचा प्रयत्न केला. छाती वरखाली होत होती, आवाज मात्र नाही. परीक्षक खुर्चीतून अर्धा उठला आणि फार हळुवारपणे म्हणाला, "थँक यू, सर." विश्वासने त्याला सॅल्यूट केला आणि परत फिरला. त्या "सर"ने त्याला जेवढं मारलं तेवढं कशानेच मारलं नसेल. तो परीक्षक ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुपारी बँडची पाळी होती. सई प्रत्येकासमोर उभी राहून ऐकत येत होती. टोकाला विश्वास. त्याने पाईप्स फुगवले, सूर धरला. सकाळपेक्षा बरा होता, पण थरथरत होता, ते मलाही कळलं. सईने ऐकलं. पूर्ण ऐकलं, घाई केली नाही. मग तिने तळहात पसरला.

"बाबा. रीड."

सगळा बँड खाली बघायला लागला. मी खाली पाहिलं नाही. मला ते बघायचं होतं, कित्येक वर्षं बघायचं होतं, आणि बघताना मला आनंद झाला. तो आनंद खरा होता आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. विश्वासने चँटर काढली, रीड काढलं, तिच्या हातावर ठेवलं. सईने ते किल्टवरच्या चामडी बटव्यात टाकलं आणि त्याला बूच दिलं. तिचा चेहरा हुबेहूब त्याचा होता. आम्ही चालत गेलो. रिंगणात तो माझ्या समोरच होता. गाल फुगवून, बोटं बिनचूक चालवत होता, एकही ठेका न चुकता. त्या दिवशी आम्ही जिंकलो. कप विश्वासच्या हातात देऊन फोटो काढला गेला, सगळ्यात ज्येष्ठ म्हणून.

पार्किंगमध्ये तो माझ्या गाडीपाशी आला. मला वाटलं, निदान आता तरी काही बोलेल, मुलीबद्दल, माझ्याबद्दल. "बरोबर केलं तिने," म्हणाला. मी विचारलं, आता पुढे काय? रमजानमध्ये आमची प्रॅक्टिस बंद असते, मैदानावर वाजवत नाहीत. सईने त्याला जाताना सांगितलं होतं, आफ्टर ईद, बाबा. तेच तो मला सांगत होता. ईदनंतर पहिल्या प्रॅक्टिसला ती परत लावेल. मग माझ्याकडे पाहून तो चक्क हसला.

"मी तुझं नाही लावलं. ती माझं लावेल."

हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

तो गेल्यावर दिवसपाण्याच्या वेळी मी अल मजाजला होते. शारजातच अग्नी दिला होता. सई जमिनीवर बसून बापाच्या वस्तू आवरत होती, कामाशिवाय तिला बसवत नव्हतं. तिने पाईप्सची पेटी उघडली, चँटर हातात घेतली आणि थांबली. आत बूच होतं. तिने दिलेलंच. ती म्हणाली, हे अजून इथे कसं? शुभदा स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि सहज सांगायला लागली. "रोज वाजवायचा गं. इफ्तारच्या आधी, या खिडकीत बसून. नुसती बोटं टपटप टपटप... मला वाटलं, रमजान आहे, शेजारी रोजे धरतात, म्हणून आवाज बंद करून वाजवतोय. मी म्हटलंसुद्धा, किती शहाणपणा आलाय याला. हॉस्पिटलात नेलं त्या दिवशीही वाजवत होता."

सईने बाजूचा खण ओढला. त्यात रीडचा अख्खा डबा होता. नवी, जुनी, घासून नीट केलेली, हवी तेवढी. कुठलंही लावून तो वाजवू शकला असता. दार लावून एकदा तरी ऐकू शकला असता स्वतःला. ती डब्याकडे बघत राहिली. "आय थॉट ही वुड जस्ट पुट अनदर वन इन," ती म्हणाली. "एनीबडी वुड."

शुभदाला काही कळलं नव्हतं. ती विचारत होती, काय झालं, कशाबद्दल बोलताय. मी सईला सांगितलं. सरळ सांगितलं. "त्याने नियम पाळला. काढलंस तू, म्हणून लावायचं तू. तो तुझी वाट बघत होता." सई म्हणाली, "मग मला फोन का नाही केला त्यांनी?" पूर्ण वाक्य, मराठीत. मी म्हटलं, "तू तरी कधी विचारलं असतंस?" तिने चँटर पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. शुभदा अजून म्हणते की मी ते त्या दिवशी पोरीला सांगायला नको होतं. मला तसं वाटत नाही. विश्वासच्या घरात चूक सांगायची राहिली, असं कधी झालं नव्हतं.

ईद झाली. पहिल्या प्रॅक्टिसला मी फुजैराहून निघाले तेव्हा मला खात्री नव्हती की सई येईल. ती आमच्या आधीच मैदानावर होती, दोन पेट्या घेऊन. सगळे गोल उभे राहिले. ओळीच्या टोकाला विश्वासची जागा आम्ही आपोआपच मोकळी सोडली होती. सई त्या मोकळ्या जागेसमोर जाऊन उभी राहिली, नेहमी प्रत्येकासमोर उभी राहते तशी. बापाचे पाईप्स तिने काखेत घेतले, बूच काढलं, बटव्यातून ते रीड काढलं. स्पर्धेपासून ते तिथेच पडून होतं. तिने ते ओठांत धरून ओलं केलं, दोऱ्याचा वेढा नीट केला, सगळ्यांसमोर आपल्या हाताने चँटरमध्ये बसवलं आणि फुंकलं.

सूर आला. मोठा आला, तीव्र आला, मैदानाच्या पलीकडे क्रिकेट खेळणारी मुलंही वळून बघायला लागली. पण इतके दिवस सुकून रीड बिघडलं होतं, सूर चढा लागत होता. सईने रीड किंचित वर ओढलं, पुन्हा फुंकलं. पुन्हा चढाच. आणखी एकदा. आमच्यातली फिलिपिनो बाई रडत होती. मला ते सहन होईना. मी ड्रम घेऊन पुढे गेले आणि म्हटलं, "सई, राहू दे तसंच. आज कोण ऐकतंय?"

सईने पाईप्स खाली घेतले, रीड ओढून काढलं आणि स्वतःच्याच पसरलेल्या तळहातावर ठेवलं.

"ही वुड हॅव टेकन इट आउट, मावशी," ती म्हणाली.

आणि खरं आहे. त्याने काढलंच असतं.